पातळ लॅपटॉपची खोड

"ते सगळं झालं. आता ह्याची खोड सांगा," आप्पासो म्हणाला.

काउंटरपलीकडचा सेल्समन गोंधळला. इतका वेळ तो लॅपटॉपचे गुण सांगत होता आणि समोरचा पटकेवाला माणूस शांतपणे मान हलवत होता. गिऱ्हाईक पटलं असंच त्याला वाटलं होतं.

"खोड म्हणजे?"

"वाईट काय हाय ते सांगा. मेंढा असता तर वाघरीची जाळी तोडतोय का, पाय धरतोय का, ते सांगितलं असतं न्हवं? तसं."

"काका, यात वाईट काहीच नाही. एकदम टॉपचं मॉडेल आहे."

आप्पासोने काठी उचलली आणि लेकीला म्हणाला, "चल गं."

पल्लवी उठली. सांगलीत सकाळी उतरल्यापासूनचं हे तिसरं दुकान. पहिल्या दुकानात आप्पासोने खोड विचारली तेव्हा ती लाजेने अर्धमेली झाली होती. दुसऱ्या दुकानात तिने बापाचा सदरा मागून ओढून पाहिला. तिसऱ्यात तिने नाद सोडला होता.

आप्पासोच्या घरात मेंढरांचा सौदा एका ठरलेल्या रीतीने होत आला होता. विकणाऱ्याने आधी खोड सांगायची, आणि तीही समोरच्याने न विचारता. मेंढीला दूध कमी आहे, मेंढा अंगावर येतो, मागच्या पायाला जुनं दुखणं आहे, जे असेल ते बोलून टाकायचं. ऐकून पटलं तर घ्यायचं, नाहीतर रामराम करून निघायचं. एकदा खोड सांगितली की घासाघीस मात्र बंद. त्याने खरं सांगितलं, आता तू खरं वाग, एवढाच त्याचा अर्थ. ही रीत मोडून आप्पासोने आयुष्यात एकदाच जनावर घेतलं होतं. उमद्या चालीचा, बाकदार नाकाचा माडग्याळी मेंढा. विकणारा छातीवर हात मारून म्हणाला होता, शोधून खोट काढा. खोट शोधावी लागलीच नाही, आठवड्याच्या आत मेंढाच आडवा झाला. तेव्हापासून कुणी एखाद्या वस्तूची नुसतीच तारीफ करू लागलं की आप्पासोला त्या माणसाच्या मागे मेलेला मेंढा दिसायचा.

शहरातल्या माणसांना ही रीत कुठून ठाऊक असणार? म्हणून तो बिचारा विचारत होता. विचारूनही कुणी सांगत नव्हतं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

लॅपटॉप पल्लवीसाठी हवा होता. जतच्या कॉलेजातून ती भूगोल घेऊन पदवीधर झाली होती. त्यांच्या भावकीत एवढं शिकलेली ती पहिलीच मुलगी. आता पुढचं काही शिकायचं तर लॅपटॉप लागतो, असं ती म्हणाली होती. पुढचं म्हणजे नेमकं काय, हे आप्पासोला नीटसं ठाऊक नव्हतं. नकाशांचं काहीतरी होतं. आजकाल घरबसल्या शिकता येतं असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं आणि हेही तसंच असणार असं स्वतःच ठरवून टाकलं होतं. पल्लवी त्यावर हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती.

दिवाळी झाली की आप्पासोचं बिऱ्हाड गाव सोडायचं. मेंढरं, दोन घोडी, कुत्री, बायको रंगुबाई आणि पल्लवी. कऱ्हाड, पाटण करत कोयनेच्या अंगाला जायचं, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि उन्हाळा सरता सरता परत आपल्या माळावर यायचं. कॉलेज चालू असतानाही पल्लवी सुट्टी काढून काढून त्यांना गाठायची. थोरला लेक इंद्रजितही पूर्वी बरोबर असायचा. मग तो शिरवळला कंपनीत लागला. गेला तेव्हा त्याच्या पाठीवर एक हलकी पिशवी होती आणि "दोन म्हयने बघतो, न्हाई जमलं तर येतो" एवढं बोलणं होतं. आता तो दिवाळीला येतो आणि आल्यावर बूटसुद्धा काढत नाही.

त्याच्यामागे सगळा कारभार पल्लवीवर आला होता. शेतकऱ्यांशी फोनवर बोलणं, मेंढरांच्या लशी ध्यानात ठेवणं, पुढच्या मुक्कामाला पाणी आहे की नाही ते मोबाईलवर बघून सांगणं. ती नसती तर नवरा-बायकोला एवढा कळप हाकणं झेपणारं नव्हतं. अर्धी मेंढरं विकावी लागली असती, नाहीतर दुसऱ्याच्या कळपामागे राबायला जावं लागलं असतं. म्हणूनच लॅपटॉप घ्यायचं आप्पासोने लगेच कबूल केलं होतं आणि त्यासाठी काही मेंढ्याही विकल्या होत्या. पोरगी रानात बसून शिकेल आणि आपल्याजवळ राहील, असा त्याचा साधा हिशोब होता.

सकाळी एसटीत पल्लवीने त्याला तीन गोष्टी समजावून सांगितल्या होत्या.

"हे बघा आबा. साठवण म्हंजे त्याच्या पोटात किती मावतं ते. बॅटरी म्हंजे एकदा चारून आणलं की किती वेळ चालतं ते. आन् तिसरं, उद्या गरज पडली तर आत भर घालता येती का न्हाई ते."

"म्हंजे वाढतं हाय का वाढ खुंटल्यालं."

"तसंच."

"मग वाढतंच घ्यायचं. त्यात इचार कसला?"

"वाढतं असतं ते जाड असतं. आन् त्याची बॅटरी लगीच संपती. पातळ असतं ते लय वेळ चालतं, पण त्याची पाठ उघडून काय घालता येत न्हाई. आज जेवढं घेतलं तेवढंच."

आप्पासोने बराच वेळ विचार केला होता. रानात लाईट नसते, तेव्हा बॅटरीचं त्याला पटलं. पण जी वस्तू उघडता येत नाही तिच्यात काहीतरी झाकलेलं असणार, असंही त्याला वाटलं होतं.

"जाड आसूं दे की. दोन बॅटऱ्या घिऊ. वजन काय, घोडं न्हेतंय," तो म्हणाला होता.

पल्लवी खिडकीतून बाहेर बघत बसली होती आणि बाहेर तर कवठेमहांकाळपर्यंत बघण्यासारखं काही नव्हतं.

चौथं दुकान गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत होतं. हळदीच्या वखारी ओलांडून गेलं की एका बोळात, दोन पायऱ्या चढून. आत एक चष्मेवाली बाई हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुणाचा तरी लॅपटॉप उघडून बसली होती. श्रद्धा तिचं नाव. दुकान तिचं आणि नवऱ्याचं होतं. नवरा लोकांच्या घरी कॅमेरे बसवायला बाहेर असायचा आणि दुकान हीच सांभाळायची.

आप्पासोने आत पाऊल टाकताच भिंतीवरची पुराच्या पाण्याची रेघ पाहिली. रेघ त्याच्या छातीला लागत होती.

"ह्यातला माल पाण्यात भिजल्याला तर न्हाई?" त्याने नमस्काराच्या आधी विचारलं.

"भिजलेला सगळा फेकून दिला, काका. हा नंतरचा आहे," श्रद्धा म्हणाली. तिला राग आला नाही. हे बहुधा तिला बऱ्याच जणांनी विचारलं असावं.

पल्लवीने पातळ लॅपटॉप दाखवायला सांगितला. श्रद्धाने कपाटावरचा नमुन्याचा लॅपटॉप आणून समोर ठेवला. आप्पासोने तो एका हाताने उचलला आणि त्याचं तोंडच वाकडं झालं. ताटात भाकरी नसताना ताट उचलावं एवढंच त्याचं वजन होतं.

"ह्याची खोड सांगा."

श्रद्धाने चष्मा वर सरकवला आणि क्षणभर विचार केला. "आहे ना," ती म्हणाली. "याची रॅम आत कायमची जोडलेली असते. पुढं वाढवायची म्हटली तर होणार नाही. साठवणही आत आहे तेवढीच धरा. कमी पडली तर बाहेरून डबी लावायची. बॅटरी गेली तर कंपनीकडं पाठवावं लागतं, ते माझ्याच्यानं होत नाही. आणि पातळ आहे, जपावं लागतं. कुणी चुकून वर बसलं तर गेलं."

आप्पासोने काठी भिंतीला टेकवली आणि दिवसभरात पहिल्यांदा तो स्टुलावर बसला. "आता बोलू या," तो म्हणाला.

पण बोलणं सरळ चाललं नाही. त्याला जाड लॅपटॉपही बघायचा होता. श्रद्धाने त्याच्यासमोर एका जाड लॅपटॉपची पाठ उघडून दाखवली. आत एक जागा रिकामी होती, उद्या काही बसवायचं तर तिथे बसवता येईल अशी. ती रिकामी जागा आप्पासोला फार आवडली. त्याने पल्लवीला बोलावून दाखवली. "हे बघ, आजून वाढंल. चार-पाच वर्सं तुला बघायला नगो."

"त्याची बॅटरी चार तास जाती आबा."

"चार तास बास झालं की."

"आन् वजन?"

"पुन्ना वजन? तुला कुटं डोक्यावर घिऊन जायाचं हाय?"

मग आप्पासोने श्रद्धाकडे मोहरा वळवला. "बाई, एक सांगा. एवढं हलकं लागतं कुणाला?"

"जे रोज पाठीवर घेऊन फिरतात त्यांना. कॉलेजची मुलं, होस्टेलवर राहणारी. लांब जाणाऱ्यांना," श्रद्धाने सहज सांगितलं.

पल्लवीने पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. बराच वेळ शोधत राहिली. आप्पासोच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लांब जाणाऱ्यांना, हे शब्द त्याने आत ठेवून दिले. इंद्रजितची पिशवीही हलकी होती.

तो लेकीला काही विचारू शकला असता. पण दुकानदाराला विचारावं लागतं, कारण त्याला रीत ठाऊक नसते. घरच्या माणसाने आपणहून सांगायचं असतं. विचारून काढली तर ती खोड सांगणं नव्हे, चोरी पकडणं झालं. आप्पासोला लेकीची चोरी पकडायची नव्हती. तो थांबायला तयार होता. त्यासाठी त्याला दुकानात बसायला कारण पाहिजे होतं, आणि तेही मिळालं.

"ही म्हणती हे लय वेळ चालतंय. मला बघायचंय."

"सहा-सात तास सहज जातं, काका."

"जाऊ दे की. आमी बसतो."

श्रद्धाला वाटलं हा माणूस गंमत करतोय. पण आप्पासो बाजारात मेंढा घेतानाही आधी त्याला चरायला सोडून लांबून बघत बसायचा. भरल्या पोटी कोणतंही जनावर चांगलं चालतं, पोट उतरल्यावर कसं चालतं ते खरं. हे त्याने श्रद्धाला समजावून सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बसा. आज तसंही गिऱ्हाईक नाही."

पल्लवीने नमुन्याच्या लॅपटॉपची वायर काढली आणि ती कामाला बसली. पेन ड्राइव्ह लावून तिने आपले नकाशे त्यात उतरवून घेतले. आप्पासोने लॅपटॉप उचलून खालून पाहिला, टेबलाखाली वाकून पाहिलं, कुठे दुसरी वायर लपवली आहे का त्याची खात्री केली. मग पैरणीच्या खिशातून चुन्याची डबी काढली आणि लॅपटॉपच्या पोटावर, कोपऱ्यात, बोटाने एक पांढरा ठिपका लावला.

"काका, हे काय?"

"खूण. मी च्या पिऊन येतो. तवर बदलाबदल नगो."

"मी कशाला बदलू?"

"तुमी बदलनार न्हाई ओ. पण मी खूण केल्याबिगर जनावर सोडत न्हाई."

पल्लवीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आप्पासो गेला आणि चहाचा कप बशीत न ओतताच पिऊन लगबगीने परत आला. आल्याआल्या त्याने लॅपटॉप उलटा करून ठिपका पाहिला.

दुपारी रंगुबाईचा फोन आला. ती माळावर मेंढरांमागे होती, फोनमध्ये वाऱ्याचा नुसता घोंगाट होता.

"घेतलं का?" तिने ओरडून विचारलं.

"बघतोय."

"दिसभर काय बघताय? हलकंच घ्या. जड घिऊ नगा."

आप्पासोने फोन कानावरून काढून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला. फोन लावण्या-उचलण्यापलीकडे मोबाईल न कळणारी ही बाई, हिला हलकं आणि जड कुठून कळलं? "तुला कुणी सांगितलं हलकं घ्यायला?"

"आं? आवं ऐकू येत न्हाई. रेंज न्हाई हितं," म्हणून रंगुबाईने फोन बंद केला.

आप्पासोने लेकीकडे पाहिलं. ती मान वर न करता काम करत होती, जरा जास्तच मन लावून. म्हणजे घरात दोघींना ठाऊक होतं आणि त्याला एकट्याला नव्हतं. त्याला राग आला, आणि रागाखाली दुसरंही काहीतरी आलं, ते त्याने तिथेच दाबून टाकलं.

थोड्या वेळाने लाईट गेली. पंखा थांबला, ट्यूब विझली, बोळातलं ते दुकान एकदम काळवंडलं. श्रद्धा मेणबत्ती शोधायला उठली. अंधारात एकच उजेड राहिला, तो पल्लवीच्या समोरचा. म्हणजे लपवलेली वायर नव्हती. आप्पासोची ती शंका फिटली, पण त्याचं आता तिकडे लक्ष नव्हतं. तो लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होता. रानात असते तेव्हा तिच्या कपाळावर सदा एक आठी असते. आता ती नव्हती. ओठ जरासे उघडे, डोळे स्थिर. लाईट गेली हेही तिला कळलं नव्हतं. तिला इतकं खूश त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळेच त्याला भीती वाटली.

"काय बघतीस?" तो तिच्याजवळ सरकला.

"आपला माळ हाय, आबा. वरनं काढल्याला फोटू." तिने बोट ठेवलं. "हा तालीचा बांध. हा ओढा. आन् हे काळं काळं गोल दिसत्यात न्हवं, तितं तितं आपली वाघर बसली व्हती."

आप्पासो वाकून बघत राहिला. जाळ्यांच्या कुंपणात रात्र काढून मेंढरं उठून गेली की मागे जमीन काळी राहते, हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. पण ते आभाळातून दिसतं हे ठाऊक नव्हतं. आजवरचे सगळे मुक्काम समोर मांडून ठेवले होते.

"रेंज नसताना दिसतंय हे?"

"ह्याच्या पोटात ठेवलंय ना. म्हणून साठवण लागती."

तिने बोट फिरवलं आणि माळ सरकून गेला. दुसरं चित्र आलं. हिरवेगार डोंगर, त्यांच्यामागे आणखी डोंगर, आणि अगदी वर पांढरं. पल्लवीचं बोट तिथे थांबलं आणि लगेच मागे आलं.

"हे कुटलं?"

"असंच."

"आपल्याकडचं न्हाई."

"न्हाई."

असंच म्हणून कुणी एवढाले डोंगर पोटात साठवून ठेवत नाही. आप्पासो स्टुलावर परत जाऊन बसला. सांगायची तर हीच वेळ होती. तो थांबला. पल्लवीने खालचा ओठ चावला, काही बोलणार असं वाटलं, आणि तेवढ्यात लाईट आली. पंखा फिरू लागला आणि श्रद्धा "आली बाई एकदाची" म्हणाली. ती वेळ निघून गेली.

बोळात संध्याकाळची सावली उतरली तरी लॅपटॉप चालत होता. मग त्याने कोपऱ्यात तांबडी खूण दाखवली, आणखी थोडा वेळ काढला आणि विझला. श्रद्धा म्हणाली, हा नमुन्याचा आहे, रोज हाताळलेला, नवा याहून जास्त चालेल. आप्पासोने मान हलवली. बाई बोलली ते खरं निघालं होतं. जाड लॅपटॉपची ती रिकामी जागा त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती, पण लेकीच्या तोंडावरचा उजेडही जात नव्हता.

"घिऊ," तो म्हणाला. "पातळ घिऊ."

पल्लवीने श्वास सोडला. श्रद्धा कपाटाकडे गेली आणि एक बंद खोका घेऊन आली.

"हे काय?"

"नवीन आहे, काका. सील फोडलेलं नाही."

"ते नगो. हेच द्या." आप्पासोने समोरच्या विझलेल्या लॅपटॉपवर हात ठेवला. "हे मी दिसभर बघितलंय. खोक्यातलं मी बघितल्यालं न्हाई."

"अहो, दोन्ही एकच. हा तर वापरलेला, याला ओरखडे आहेत."

"बाजारात आमी जो मेंढा चरताना बघतो त्योच घेतो. त्याचा भाऊ घेत न्हाई."

श्रद्धाने पल्लवीकडे बघितलं. पल्लवी पुढे आली. "आबा, खोक्यातलंच घ्यायचं. ह्याची वॉरंटी अर्धी संपलीया."

"संपू दे. बिघडलं तर हितं घिऊन येऊ. ह्या बाई हायती की."

"हितं आणता यायचं न्हाई."

आप्पासोचा हात लॅपटॉपवरच राहिला. श्रद्धाला काय कळायचं ते कळलं. तिने फडकं उचललं आणि पाठ करून मागचं कपाट पुसायला लागली. ते कपाट तिने दुपारीच पुसलं होतं.

"खोड सांगते आबा," पल्लवी म्हणाली.

आप्पासोने काठी हातात घेतली. उठायला नव्हे, नुसती धरायला.

"मला डेहराडूनला प्रवेश मिळालाय. लय लांब हाय, उत्तरेत. तुमाला दावलं ते डोंगर तितलंच. नकाशांचं शिक्षण हाय, दोन वर्सांचं, तितं ऱ्हाऊनच करायचं. फुडल्या म्हयन्यात जायाचं. आईला सांगितलंय. तुमाला सांगायचं धाडस झालं न्हाई." ती थांबली नाही. "ह्या साली मी बिऱ्हाडासंगं येनार न्हाई. फुडल्या सालीबी न्हाई. आन् दोन वर्सांनी परत येऊन मेंढरांमागं फिरंन का, ते आज मला सांगता येत न्हाई. दादासारखं दोन म्हयन्यात येतो म्हणून मी जानार न्हाई. हाय हे असं हाय."

बाहेर बोळातून एक रिक्षा गेली. आप्पासोच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं. ही दिवाळी होऊ दे, मग जा. एक वर्ष कर, दोन कशाला. सांगलीत नाही का असलं काही शिक्षण? तुझ्या आईचे गुडघे बघितलेस का? मेंढरांचं काय करू, तेवढं सांगून जा. एकेक वाक्य त्याच्या ओठापर्यंत आलं आणि त्याने एकेक परत गिळलं, कारण ती सगळी घासाघीस होती. तिने खोड सांगितली होती. सगळी सांगितली होती, हातचं न राखता. त्याच्या बापालाही इतकी सरळ खोड कुणी सांगितली नसेल. आता घ्यायचं, नाहीतर रामराम करून निघायचं. आणि पोटच्या पोरीला रामराम कसा करायचा?

"तितं मेंढरं असत्यात का?" त्याने शेवटी विचारलं.

"असत्यात. डोंगरातली. लांब केसांची."

"बरं हाय मग."

त्याने समोरचा लॅपटॉप उलटा केला. पटक्याचं टोक सोडून पोटावरचा चुन्याचा ठिपका पुसला, नीट, मागे डाग राहू नये म्हणून दोनदा. जे जनावर आपलं नाही त्यावर आपली खूण ठेवायची नसते.

"बाई," तो म्हणाला, "खोक्यातलं द्या."

श्रद्धा वळली. तिचे डोळे ओले झाले होते, पण तिने व्यवहारातलंच विचारलं, "साठवण कोणती देऊ? हा मधला आहे. याच्यावरचा मोठा आहे, पण बराच महाग पडेल."

"नंतर वाढत न्हाई म्हणालासा न्हवं?"

"नाही वाढत."

"मग आत्ताच मोठं द्या. तिला तितं कमी पडलं तर कोण भर घालणार?" आणि पल्लवी काही म्हणायच्या आत तो तिला म्हणाला, "आजून एक मेंढी जाईल. जाऊ दे. न्हाईतरी सगळी कुटं संबाळनार हाय मी."

श्रद्धाने दुसरा खोका काढला. "सील फोडून चालू करून दाखवते. बघून घ्या, म्हणजे मनात शंका नको."

दिवसभर एकेक गोष्ट तपासणारा, टेबलाखाली वाकून वायर शोधणारा आप्पासो त्या खोक्याकडे बघत राहिला. मग त्याने मान हलवली.

"नगो. खोड कळली. बास झालं."

स्टँडवर जतची गाडी लागलेली होती. पल्लवीला खिडकीशी बसवून आप्पासो तिच्याशेजारी बसला. कंडक्टर म्हणाला, मामा, खोका वर फळीवर टाका. आप्पासोने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि खोका मांडीवरच ठेवला. मिरज गेलं तशी पल्लवीची मान त्याच्या खांद्यावर आली. दिवसभर ती नुसती बसूनच होती, पण मेंढरांमागे चालून आल्यासारखी दमून झोपली.

रंगुबाईचा फोन आला. या वेळी वाऱ्याचा आवाज नव्हता, ती घरी पोचली असावी.

"घेतलं का?"

"घेतलं."

"कसलं?"

"हलकं."

रेंज गेल्याचं रंगुबाईने सांगितलं नाही. "जेवायला थांबते," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

कवठेमहांकाळ सोडलं आणि माळ सुरू झाला. आषाढातला वारा काच नसलेल्या खिडकीतून सरळ आत येत होता. आप्पासोने खोका एका हातावर तोलून पाहिला. आत काही आहे असं वाटेना. त्याने पुन्हा एकदा तोलून पाहिला. मग तो मांडीवर ठेवला आणि लेकीची झोप मोडणार नाही अशा बेताने त्यावर दोन्ही हात दाबून धरून बसला.